१० मीटर एअर रायफल: छर्रे निवडणे, तपासणे आणि सांभाळणे

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बॉलपेन कागदावर नुसते टेकवले की जेवढी खूण उमटते, तेवढाच. नऊचे वर्तुळ ५.५ मि.मी. व्यासाचे आणि दुरून दिसणारा अख्खा काळा गोल ३०.५ मि.मी.चा. छर्रा स्वतः ४.५ मि.मी. जाड असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला स्पर्शली तरी १०.० मिळतात, म्हणजे त्याचे केंद्र मध्यापासून २.५ मि.मी. दूर असले तरी चालते. मात्र १०.९ साठी ते केंद्र पाव मिलिमीटरच्या आत हवे. मधल्या प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश गुण जातो. सामना ६० फैरींचा आणि कमाल गुण ६५४. प्रत्येक फैरीला केवळ एक दशांश गमावला, तरी शेवटी ६ गुणांचा फरक पडतो.

या ६० फैरींत रायफल तीच, ट्रिगर तोच, साइट तीच. दर वेळी नवा असतो तो छर्रा. त्याची निवड आणि जपणूक म्हणूनच शिकण्यासारखी आहे, आणि ती क्रमाने शिकावी. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य आणले. अशी नावे ऐकून मुलाला क्लबात घालणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न हमखास असतो: सगळ्यात चांगले छर्रे कोणते? त्याचे उत्तर या लेखात शेवटाकडे येईल, कारण त्याआधीची कामे जवळजवळ फुकट आहेत आणि नवख्या नेमबाजाला गुण तिथेच मिळतात.

कायद्याचे आधी पाहू. भारतात ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. परवाना नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही. डोळ्यात गेलेला छर्रा डोळा घेऊन जातो. पक्ष्यांवर, प्राण्यांवर ती चालवणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो.

डबीवर काय लिहिलेले असते

मॅच छर्ऱ्यांच्या डबीत बहुधा ५०० नग असतात. डबीवर चार गोष्टी शोधा.

पहिली, आकार. स्पर्धेसाठी सपाट तोंडाचाच छर्रा घ्यायचा. सपाट तोंड कागदाला पंचिंग मशीनसारखे गोल भोक पाडते, त्यामुळे कागदी लक्ष्यावर गुण नेमका मोजता येतो. टोकदार छर्रा कागद फाडत जातो, भोकाची कड झिरमिळते आणि ९ की १० हा वाद उभा राहतो. १० मीटरवर टोकदार छर्ऱ्याचा फायदा काहीच नाही.

दुसरी, वजन. रायफलचे मॅच छर्रे साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तुलाचे त्याहून हलके, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमच्या दरम्यान. क्लबात दोन्ही डब्या शेजारी पडलेल्या असतात आणि घाईत पिस्तुलाची उचलली जाते. मग ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या भोकांचा पुंजका, वर-खाली सरकतो आणि मुलगा निष्कारण साइटचे क्लिक फिरवत बसतो.

तिसरी, हेड साइज, म्हणजे छर्ऱ्याच्या तोंडाचा व्यास. ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असे आकडे दिसतील. मधली बारीक कंबर सोडली तर छर्ऱ्याचे दोनच भाग नळीला टेकतात: पुढचे हेड आणि मागचा पोकळ, पातळ स्कर्ट. हवेचा दाब स्कर्टला आतून फुगवतो आणि तो नळीच्या रायफलिंगमध्ये (आतल्या पिळदार खाचांमध्ये) घट्ट बसतो. हेड मात्र फुगत नाही, ते आहे त्या मापानेच सरकते. ते नळीच्या मानाने सैल असेल तर छर्रा आत किंचित डुगडुगतो, जास्त घट्ट असेल तर वेग कमी-जास्त होतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे हेड साइज मानवते, तेव्हा मैत्रिणीच्या रायफलला ४.५० चालते म्हणून आपल्याही चालेल असे धरू नका.

चौथा, लॉट नंबर, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाचा क्रमांक. डबीच्या तळाला किंवा मागे छापलेला किंवा चिकटवलेला असतो. छर्रे साच्यात दाबून तयार होतात आणि साचे हळूहळू झिजतात. त्यामुळे एकच ब्रँड, एकच वजन, एकच हेड साइज असूनही दोन लॉट वेगळे वागू शकतात. डबी फेकण्याआधी हा नंबर वहीत उतरवून ठेवा.

नवी डबी उघडल्यावर

डबीची कड चेपलेली आहे का, ते दुकानातच पाहा. शिसे नखानेही दबते आणि स्कर्टची कड तर कागदासारखी पातळ असते. पडलेल्या डबीतले पाच-दहा टक्के छर्रे लंबगोल झालेले असू शकतात आणि ते पहिल्या नजरेला दिसत नाहीत.

पांढऱ्या सुती फडक्यावर पन्नासेक छर्रे स्कर्ट वर करून उभे ठेवा आणि टेबललॅम्पचा उजेड बाजूने पाडा. चांगल्या छर्ऱ्याच्या स्कर्टची कड चंद्राच्या खळ्यासारखी अखंड गोल चमकते. चेपलेल्याची चमक एका जागी तुटते. असा छर्रा बाजूला काढा. आतमध्ये शिशाचा बारीक कपचा अडकलेला असेल तोही काढा. काढलेले छर्रे फेकायचे नाहीत, वेगळ्या डबीत ठेवून स्टँडिंगच्या, म्हणजे उभ्याने मारण्याच्या, सरावाला वापरायचे. ती डबी सामन्याला मात्र नेऊ नका.

वजन करून निवडण्याची आवड अनेकांना असते. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा उपयोगाचा नाही. चांगल्या लॉटमधला फरक त्याच्या एका घराहूनही कमी असतो आणि काटा सगळ्यांना ०.५३ म्हणत राहतो. ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो, आणि तो पंख्याखाली चालत नाही. आमचे मत स्पष्ट आहे: चांगल्या मॅच लॉटमध्ये वजनावर घालवलेल्या तासाभराने जेवढे मिळते, त्याहून जास्त त्याच तासात ड्राय फायर (छर्रा न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) करून मिळते. नजरेने चेपलेले काढा, तेवढे पुरे.

मॅच छर्रे धुऊ नका, त्यांना तेल लावू नका. त्यांच्यावर कारखान्यातच हलका थर दिलेला असतो. घरी लावलेले तेल प्रत्येकावर सारखे बसत नाही, आणि आपल्याला तर सगळे एकसारखेच हवे आहेत.

छर्रा भरताना

उगाच लांब पडलेल्या फैरींपैकी बऱ्याचशा इथे बिघडतात, आणि दोष मात्र होल्डला, म्हणजे रायफल स्थिर धरण्याला, दिला जातो.

रायफलचे तोंड लक्ष्याच्या दिशेने, बोट ट्रिगरबाहेर. लिव्हर पूर्ण उघडा, अर्धवट नाही. छर्रा चिमटीत घ्यायचा तो कंबरेला धरून. स्कर्टला धरलात तर तो बोटांच्या दाबानेच लंबगोल होतो. छर्रे लहान ट्रेमध्ये, एकेका खाचेत उभे ठेवले की हे आपोआप साधते. डबीतून चाचपडत उचलताना नेमके उलटे होते.

काही रायफलींत छर्रा पन्हळीत नुसता ठेवायचा असतो आणि बोल्ट तो आत ढकलतो. अशा वेळी तो पन्हळीच्या मध्यावर, तोंड पुढे करून सरळ झोपला आहे का ते एकदा पाहा आणि मग लिव्हर एकाच सावकाश गतीने बंद करा. तिरका राहिला तर बोल्टची कड स्कर्ट चावते. हाताला तो अडथळा कळतो, बारीकसा पण कळतो. तिथे जोर लावू नका. लिव्हर उघडा, छर्रा काढा, दुसरा घ्या. क्लबातल्या साध्या, नळी मोडून भरायच्या रायफलीत छर्रा अंगठ्याने बसवायचा असतो. तिथे स्कर्टची कड नळीच्या तोंडाशी सपाट बसली पाहिजे. बाहेर राहिलेली कड नळी बंद होताना कापली जाते, आणि दर वेळी कमी-जास्त आत बसवला तर वेगही कमी-जास्त होतो. नेहमी त्याच बोटाने, त्याच दाबाने बसवा.

लिव्हर उघडून बंद केला, पण छर्रा आत आहे की नाही याची शंका आली, तर दुसरा घालू नका. एकामागे एक दोन छर्रे गेले तर ते लटकत जाऊन लक्ष्यावर फार खाली पडतात किंवा नळीतच अडकतात. हात वर करा, रेंज ऑफिसरला सांगा. अडकलेला छर्रा काढायचा तर आधी हवा सोडायला हवी. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

फैरी संपल्या की नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी आहे हे दाखवणारी खूण. दुसरीकडे बघत बोलत असतानाही हे हाताने व्हावे इतकी त्याची सवय लागू द्या.

हवा

छर्रा कितीही एकसारखा असला तरी मागची हवा एकसारखी नसेल तर उपयोग नाही. मॅच रायफलचे सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरतात. रायफलीतला रेग्युलेटर हा दाब कमी करून दर फैरीला सारखी हवा देतो. सिलिंडर फार रिकामे झाले की त्याला ते जमत नाही, वेग उतरतो, ग्रुप खाली सरकतो आणि उभा लांबट होतो. उभा लांबट ग्रुप दिसला की साइटला हात लावण्याआधी दाबाचा काटा पाहा. दाब १०० बारच्या खाली जाऊ न देण्याची सवय ठेवली तर ही वेळच येत नाही.

भरताना झडप सावकाश उघडा. घाईने भरलेली हवा तापते. ४५ अंशाला काटा २०० दाखवत असेल तर २७ अंशाला निवल्यावर तो १८९ च्या आसपास येतो. सिलिंडर गळतेय असे वाटून लोक घाबरतात, पण ती नुसती थंड झालेली हवा असते. मोठी टाकी ३०० बारची असेल तर काट्यावरून नजर हलवू नका.

भरायची ती फक्त कोरडी, गाळलेली हवा. गॅरेज किंवा वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा किंवा ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. तसेच सिलिंडरच्या जोडणीला साधे मशीन ऑइल लावू नका.

बहुतेक मॅच सिलिंडरांना तयार झाल्यापासून १० वर्षांची मुदत असते आणि तारीख सिलिंडरवर कोरलेली असते. ती तपासण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमाने खेळाडूचीच आहे. जुनी रायफल विकत घेताना लोक बट, साइट, ट्रिगर सगळे पाहतात आणि ही तारीख विसरतात. मग नव्या सिलिंडरचा खर्च वर येतो.

नळी

साधारण ५०० ते १००० फैरींनंतर नळी साफ करावी. सोपा उपाय म्हणजे ४.५ मि.मी.चे फेल्टचे बोळे. छर्ऱ्याच्या जागी भरून, कोरड्या फडक्याने भरलेल्या खोक्यात किंवा पेलेट ट्रॅपमध्ये (छर्रे अडवणाऱ्या पेटीत) मारायचे. पहिला काळा निघतो, तिसरा-चौथा राखाडी. तिथे थांबा. पांढराशुभ्र निघेपर्यंत घासण्यात अर्थ नाही. दोरीने साफ करत असाल तर ओढ नेहमी मागून पुढे, तोंडाकडे. नळीच्या तोंडाची कड छर्ऱ्याला शेवटचा स्पर्श करते, तिथे बारीक ओरखडाही नको.

साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे ग्रुपबाहेर जातील. नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत असेच होते. म्हणून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी साफसफाई काढू नका.

आता चाचणी

हे सगळे नीट होत असेल तर कोणते छर्रे या प्रश्नाला अर्थ येतो. खरी चाचणी रायफल किंवा नुसती नळी शिकंज्यात पक्की बसवून करतात. क्लबच्या आर्मररला (रायफलींची देखभाल करणाऱ्याला) विचारा, अनेक ठिकाणी ही सोय असते. शिकंजा नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून बसून करता येते. मात्र त्यात नजरेची चूक मिसळते, म्हणून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फरकावरून निकाल काढू नका.

तीन-चार नमुने घ्या: एकाच ब्रँडचे दोन हेड साइज आणि दुसऱ्या ब्रँडचा एखादा. प्रत्येक नमुना बदलताना आधी दहा छर्रे वाया घाला, म्हणजे नळी नव्या छर्ऱ्याला सरावते. मग १० फैरींचा ग्रुप. अ, ब, क, ड असा एक फेरा झाला की दुसरा ड, क, ब, अ असा उलटा करा. नाहीतर शेवटी आलेल्या नमुन्याला मळलेल्या नळीचा किंवा उतरलेल्या दाबाचा फटका बसतो. प्रत्येकाचे किमान तीन ग्रुप हवेत. पाच फैरींचा एखादा सुरेख ग्रुप कोणत्याही छर्ऱ्याने योगायोगाने पडतो, आणि त्याच्या जोरावर लोक वर्षभराच्या डब्या उचलतात.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर घ्या. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. ६.० मि.मी. मोजले तर केंद्रांमधले अंतर १.५. कागद मऊ असेल तर तंतू परत मिटतात आणि भोक लहान दिसते, म्हणून सगळ्या चाचणीला एकच जाड कार्ड वापरा. शिकंज्यात १० फैरींचा ग्रुप बाहेरून ६ मि.मी.च्या आत सातत्याने येत असेल तर तो लॉट सामन्याला चांगला. एखादाच छर्रा दूर पडला तर तो चेपलेला असू शकतो. पण दोन ग्रुपमध्ये तसे झाले तर लॉट सोडून द्या.

आता पालकांनी लक्ष द्यावे असा हिशेब. नेमबाजाचा विखुरलेपणा आणि छर्ऱ्याचा विखुरलेपणा यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचे. नवख्या मुलाचा स्वतःचा विखुरलेपणा ४ मि.मी. आणि साध्या छर्ऱ्याचा ०.४ मि.मी. धरला तर एकत्रित ४.०२ होतो. सर्वोत्तम लॉट आणून छर्ऱ्याचा दोष शून्य केला तरी त्याला मिळाले काय? ०.०२ मि.मी. तेच १.२ मि.मी. विखुरलेपणाच्या खेळाडूचे पाहा: एकत्रित १.२६, म्हणजे पाच टक्के फरक. ६२० च्या पुढे गेलेल्या खेळाडूला हे पाच टक्के हवेच असतात. ५८०वर खेळणाऱ्याने कोणतीही सपाट तोंडाची, न चेपलेली, माफक किमतीची मॅच डबी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत जास्त डब्या घ्याव्यात. रोज १०० फैरी, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला एक डबी जाते.

दोन प्रकारचे छर्रे ठेवायचे असतील, सरावाचे वेगळे आणि सामन्याचे वेगळे, तर दोघांचा झीरो, म्हणजे नेम आणि भोक जुळवणारी साइटची जागा, वेगळा पडेल. किती क्लिक वर, किती डावीकडे, हे वहीत लिहा आणि सामन्याच्या किमान आठवडाभर आधी सामन्याच्या छर्ऱ्यावर या. तयारी आणि सायटिंगला मिळणारी १५ मिनिटे झीरो शोधण्यात गेली तर अंग स्थिर करायला वेळच उरत नाही.

शिसे, पावसाळा आणि घर

शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. छर्रे तोंडात धरू नयेत. मोकळा हात नाही म्हणून दातात धरणारी मुले प्रत्येक रेंजवर दिसतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. पेलेट ट्रॅपजवळची धूळ कोरड्या केरसुणीने झाडू नका. ती उडते आणि श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसा, फडके वेगळे ठेवा. शूटिंगचे जॅकेट घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी चढते. दमट हवेत शिसे असे गंजते. भुकटी आलेला छर्रा नळीत वेगळा घासला जातो, आणि ती भुकटी पोटात जाणे जास्त वाईट. डबी झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. नव्या लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात महिनोन् महिने ठेवू नका, त्यांतून निघणारी आम्लाची वाफही शिशाला खाते. पुडी दर महिन्याला बदला. भुकटी धरलेले छर्रे पुसून वापरत बसू नका, भंगाराच्या डबीत टाका आणि ती डबी कचऱ्यात न घालता रेंजवरच्या ट्रॅपमधल्या शिशाबरोबर पुनर्वापराला द्या.